खोटा स्कूप, खरी गाडी

1964च्या पॉन्टिॲक जीटीओच्या बॉनेटवर दोन स्कूप, म्हणजे इंजिनाला हवा मिळावी म्हणून काढलेली तोंडं आहेत आणि दोन्ही खोटे आहेत. नुसता उंचवटा, आत हवा जायला भोकच नाही. ज्या गाडीला बहुतेक लोक पहिली मसल कार, म्हणजे साध्या मधल्या आकाराच्या गाडीत थोरलं दांडगं इंजिन, म्हणतात (यावर तावातावाने भांडणारेही आहेत, भांडू द्या त्यांना) तिच्या कपाळावरच अशी थाप मारून ठेवलीय, आणि मला ही गोष्ट इतकी आवडते की कुणी मसल कारचा विषय काढला की मी इंजिनाच्या आधी या स्कूपांबद्दलच बोलायला लागते आणि नवरा हळूच उठून चहा ठेवायला जातो.

तसं बघितलं तर ती अख्खी गाडीच एक चलाखी होती. जनरल मोटर्सने 1963च्या जानेवारीत आपल्या सगळ्या ब्रँडना रेसिंगमधून बाहेर काढलं, शिवाय मधल्या आकाराच्या गाडीत 330 क्युबिक इंचापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही असा कंपनीचा नियम. त्यातल्याच पॉन्टिॲक या ब्रँडमध्ये तेव्हा जॉन डिलोरिअन चीफ इंजिनिअर होता, सोबत बिल कॉलिन्स आणि रस गी. या मंडळींच्या लक्षात आलं की नियम मॉडेलला आहे, ऑप्शनबद्दल कुणी काही बोललेलंच नाही. मग टेम्पेस्ट लमाँ नावाच्या सरळमार्गी गाडीच्या ऑर्डर फॉर्मवर साधारण 296 डॉलरचा एक ऑप्शन टाकला आणि त्यात थोरल्या पॉन्टिॲकचं 389 क्युबिक इंची इंजिन दिलं, म्हणजे आपल्या भाषेत 6.4 लिटर. सेल्सवाले 5000 गाड्यांच्या वर जायला तयार नव्हते, आणि त्या वर्षी खपल्या 32450. म्हणजे मसल कार जन्माला आली तीच मुळी दुसऱ्या गाडीत केलेला फेरफार म्हणून, हे विसरून लोक आज तिच्या 'ओरिजिनल'पणावरून एकमेकांची डोकी फोडतात.

आणि स्कूपांचं पुढे काय झालं तर 1965च्या ऑगस्टमध्ये डीलरच्या पार्ट्स काउंटरवर एक किट मिळायला लागलं. कार्बोरेटरभोवती बसणारी पत्र्याची परात, तिच्या कडेला बॉनेटला टेकणारा फोम, आणि स्कूपची तोंडं मोकळी करायची. पोरांनी ते घरच्या गॅरेजात बसवलं. कंपनीने मारलेली थाप गिऱ्हाइकाने खरी करून दाखवली! मला विचाराल तर मसल कार नटवायचा, मॉडिफाय करायचा हा जो उद्योग तेव्हापासून चालू आहे तो बराचसा एवढाच आहे, गाडी जशी दिसते तसं तिला वागायला लावायचं, नाहीतर जे नुसतंच दिसायला आहे ते खरवडून काढायचं.

मी डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉयमध्ये राहते आणि पोटापाण्यासाठी गाडीच्या बाहेरच्या अंगाचे सरफेस बनवते, कॉम्प्युटरवर. डिझायनरने काढलेला आकार साच्यापर्यंत जाईल इतका नेमका करायचा. यात दिवसाचा निम्मा वेळ मॉडेलवर काळे-पांढरे झेब्रा पट्टे टाकून ते एका पॅनलवरून दुसऱ्यावर जाताना कुठे मोडतात, कुठे थबकतात हे बघण्यात जातो. मुद्दा असा की माझी नजर आता बिघडलीय. वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्या निघतात तेव्हा बाकीचे लोक डोळे मिटून एग्झॉस्ट ऐकतात आणि मी मागच्या चाकावरच्या पत्र्यात कडेच्या झाडांचं प्रतिबिंब कसं पळतंय ते बघते.

वुडवर्ड म्हणजे डेट्रॉइटहून निघून पॉन्टिॲक गावाकडे जाणारा रस्ता, साठच्या दशकात पोरं इथे सिग्नल टू सिग्नल रेस लावायची आणि असं म्हणतात की कंपन्यांचे इंजिनिअरही रात्री नवीन गाड्या घेऊन यायचे, पोरांना हरवायला. रॉयल ओकमधला रॉयल पॉन्टिॲक हा डीलर तर जीटीओ ट्यून करून 'बॉबकॅट' म्हणून विकायचा. 1995मध्ये फर्नडेलच्या काही लोकांनी मुलांच्या सॉकर मैदानासाठी पैसे जमवायचे म्हणून जुन्या गाड्यांची एक फेरी काढली, ती इतकी फुगली की आता ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी रस्त्याच्या दोन्ही कडांना मैलोनमैल लोक खुर्च्या टाकून बसतात. त्याला वुडवर्ड ड्रीम क्रूझ म्हणतात. ऊन, सनस्क्रीन, अर्धवट जळालेल्या पेट्रोलचा वास (जुन्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, डोकं दुखतं हे आधीच सांगते), आणि समोरून एकामागून एक कमरेत आवळलेल्या गाड्या.

ती कंबर हा या गाड्यांचा खरा दागिना आहे. पुढच्या चाकावर पत्रा फुगतो, दाराशी आत जातो, मागच्या चाकावर परत वर उसळतो, कोक बॉटल शेप म्हणतात त्याला. आणि या आकाराचं सगळ्यात देखणं उदाहरण माझ्या मते 1968ची डॉज चार्जर. रिचर्ड सायस नावाच्या डिझायनरने काढलेली. समोर एका खोल काळ्या चौकटीत बसवलेली ग्रिल, हेडलाइट झाकलेले, त्यामुळे तोंडाला डोळेच नाहीत, आणि मागे काच आत खेचलेली, दोन बाजूंनी छपराचे पत्रे उतरत डिकीपर्यंत येतात. दारांवर दोन खाचा आहेत, त्यातून काहीही आत-बाहेर जात नाही. बॉनेटवर पण तशाच, त्यात निदान इंडिकेटरचे छोटे दिवे बसवलेले असायचे, ड्रायव्हरला दिसतील असे. त्या एका वर्षात सुमारे 96000 चार्जर विकल्या गेल्या, आधीच्या वर्षी जेमतेम 16000.

पण ही सुंदर गाडी नॅसकार या अमेरिकन रेसिंगच्या ट्रॅकवर गेली आणि फजिती झाली. ती खोल ग्रिल हवा पकडून धरायची, आणि मागच्या त्या आत गेलेल्या काचेपाशी हवेचा भोवरा तयार होऊन गाडीचं बूड उचललं जायचं. जे दोन कोपरे बघून माणूस प्रेमात पडतो नेमके तेच दोन नडले. मग डॉजची मालक कंपनी क्रायस्लर, तिच्या लोकांनी चार्जर 500 काढली, म्हणजे कोरोनेट गाडीची सपाट ग्रिल पुढे आणून बसवली आणि मागची काच छपराच्या रेषेत आणली. तरी पुरेना. मग 1969ची डेटोना, पुढे लांब टोकदार नाक आणि मागे जवळजवळ दोन फूट उंच पंख. 1970च्या मार्चमध्ये बडी बेकरने टॅलाडेगाला याच गाडीत ताशी 200 मैलांचा आकडा ओलांडला, म्हणजे 322 किलोमीटरच्या वर. इथे गाडी दिसण्याचा आणि वागण्याचा हिशोब पहिल्यांदा शंभर टक्के जुळला, आणि गंमत म्हणजे लोकांना ती आवडली नाही! नियमाप्रमाणे ठराविक गाड्या रस्त्यावर विकायला काढाव्या लागायच्या, त्या शोरूममध्ये धूळ खात पडल्या. क्रायस्लरच्याच प्लिमथने पुढच्या वर्षी रोड रनर या गाडीवरून तशीच सुपरबर्ड काढली तर काही डीलरांनी कंटाळून तिचं नाक आणि पंख काढले, साध्या रोड रनरचं तोंड बसवलं आणि विकून टाकल्या. आज ते नाक शोधत लोक देशभर फिरतायत.

खरवडून काढण्याचं उदाहरण म्हणून मला डिझायनर लॅरी शिनोडा सगळ्यात जवळचा वाटतो. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला जपानी वंशाचा मुलगा, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने त्याच्यासारख्यांना कुटुंबांसकट छावण्यांत डांबलं, हा मॅनझनारला होता. पुढे जनरल मोटर्समध्ये नाव काढलं आणि 1968मध्ये तिथला बडा साहेब बंकी नुडसन फोर्डचा प्रेसिडेंट झाला, त्याच्या मागोमाग फोर्डला आला. 1969च्या मस्टँग फास्टबॅकला मागच्या खिडकीखाली एक खोटा स्कूप होता, आणखी काय काय लावलेलं. शिनोडाने बॉस 302 ही तिची खास आवृत्ती करताना पहिलं काय केलं तर तो खोटा स्कूप उडवला. पत्रा गुळगुळीत. मग बॉनेट मॅट काळं, बाजूला इंग्रजी सी अक्षरासारखा पट्टा, पुढे खाली हवा अडवणारी पट्टी, मागच्या काचेवर काळ्या फळ्या. या फळ्यांचा उपयोग दिखाऊच जास्त, त्या ऑप्शनमध्ये मिळायच्या, म्हणजे तोही काही साधुसंत नव्हता. पण सरफेसवाली म्हणून सांगते, त्या गाडीच्या मागच्या पत्र्यावरून प्रकाश जो सरकतो ना, तो तिथे काही नाही म्हणूनच सरकतो. नुडसनला 1969च्या सप्टेंबरमध्ये काढलं आणि त्याच्या पाठोपाठ शिनोडालाही. गाडी राहिली.

आता आमच्या गल्लीतलं. चार घरं सोडून एक म्हातारे गृहस्थ राहतात, गोरे, रिटायर्ड टूल अँड डाय मेकर, म्हणजे उभा जन्म पत्रा दाबायचे साचे घासण्यात गेला. मी घरात त्यांना आण्णा म्हणते, त्यांना अर्थातच पत्ता नाही. त्यांच्याकडे शेव्हर्लेची 1970ची शेव्हेल मालिबू आहे. आमची ओळख त्या गाडीवरूनच झाली, मी कुत्र्याला फिरवताना त्यांच्या उघड्या गॅरेजसमोर रेंगाळले आणि म्हणाले की तुमच्या डाव्या मागच्या पत्र्यात एक खळगा आहे. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "कुठे?"

तर ही गाडी त्यांनी घेतली तेव्हा छपरावर काळं व्हायनल होतं. त्या काळी व्हायनलचं छप्पर म्हणजे श्रीमंती, साध्या गाडीला कन्व्हर्टिबलचा आव आणून द्यायचा. खाली पाणी शिरतं आणि तिथेच बसतं. त्यात मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ ओततात, डेट्रॉइट शहराच्या पोटातच मिठाची खाण आहे, तेव्हा कंजुषी कशाला करतील. आण्णांनी व्हायनल सोलून काढलं तर काचेच्या कडेने पत्र्याची चाळण, आणि छप्पर जिथे मागच्या पत्र्याला जोडतात तो सांधा ओबडधोबड. हा सांधा कारखान्यात शिसं भरून घासायचे, पण ज्या गाडीवर व्हायनल चढणार तिथे कोण जीव तोडून घासणार, झाकलंच जाणार आहे! पन्नासेक वर्षांपूर्वी कुणा कामगाराने शिफ्ट संपवायच्या घाईत सोडलेलं काम आण्णा आता पूर्ण करत होते. गंजलेला पत्रा कापून नवीन वेल्ड केला, सांधा भरला, आणि मग सुरू झालं ब्लॉक सँडिंग.

हे काम बघायला मी किती वेळा गेले असेन. प्रायमरवर आधी काळ्या रंगाची अगदी विरळ फवारणी करायची, गाइड कोट. मग लांब फळीला पॉलिश पेपर लावून तिरकं घासायचं, एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे, फुली पडेल असं. जिथे उंचवटा असेल तिथलं काळं आधी जातं, जिथे खळगा असेल तिथे काळं तसंच राहतं. हाताला काही कळत नाही आणि डोळ्याला तर त्याहून नाही, पण तो काळा डाग खोटं बोलत नाही. डाग राहिला की परत प्रायमर, परत काळं, परत घासा. आण्णा फळी चालवताना बोटं वापरत नाहीत, पूर्ण तळवा, कारण बोटांचा दाब वेगवेगळा पडतो आणि पत्र्यात चर उमटतात. मध्येच डोळे मिटून हातात फडकं धरून पत्र्यावरून हात फिरवतात. फडकं का, तर उघड्या हाताचा घाम आणि चिकटपणा आड येतो, फडक्यातून हात सरकतो आणि खळगा जाणवतो. मी ऑफिसात लाखो रुपयांच्या सॉफ्टवेअरवर झेब्रा पट्टे टाकून जे करते ते हा माणूस फडकं आणि वरच्या दोन ट्यूबलाइटांवर करतो. तो मी दाखवलेला खळगा निघाला, बरं का. चहाच्या बशीएवढा.

या गाडीची एक मोठी मेख आहे. 1970ला शेव्हेल एसएस, म्हणजे सुपर स्पोर्ट, हे वेगळं मॉडेल नव्हतं, ऑप्शनचं पॅकेज होतं, आणि गाडीच्या चासी नंबरवरून ती एसएस आहे की साधी मालिबू हे कळतच नाही. 454 क्युबिक इंचाचं एलएस6 इंजिन असलेल्या, 450 हॉर्सपॉवरच्या खऱ्या एसएसला लोक घर गहाण ठेवतील इतके पैसे देतात, आणि बिल्ले, ग्रिल, बॉनेट हे सगळं रिप्रॉडक्शनमध्ये नवं कोरं मिळतं. पुरावा काय, तर कारखान्यातला बिल्ड शीट नावाचा कागद, तो सीटच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीच्या डोक्यावर अडकलेला सापडला तर सापडला. तेव्हा मालिबूची एसएस करून विकणारे किती असतील हे तुम्हीच समजा. आण्णांनी काउल इंडक्शनचं बॉनेट लावलंय, पण मालिबूचा बिल्ला काढला नाही. मी विचारलं तर म्हणाले बॉनेट काम करतं, बिल्ला काय करतो?

ते बॉनेट खरंच काम करतं, आणि इथे मला थोडं थांबायचंय कारण हा सगळ्या स्कूपांतला सगळ्यात हुशार स्कूप आहे. बाकीचे स्कूप पुढे तोंड करून हवा गिळायला बघतात, पण बॉनेटच्या मधोमध हवा पत्र्याला चिकटून संथ झालेली असते, त्यामुळे बुटका स्कूप असेल तर फारसं काही हाती लागत नाही. शेव्हर्लेच्या लोकांनी तोंड मागे केलं, पुढच्या काचेकडे. गाडी पळत असताना हवा काचेच्या पायथ्याशी येऊन आपटते, तिथे दाब वाढतो. बॉनेटच्या मागच्या टोकाला एक झडप आहे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनातला व्हॅक्यूम पडतो आणि झडप टपकन उघडते, आणि ती थंड, दाबाखालची हवा कार्बोरेटरमध्ये जाते. ड्रायव्हरला ती झडप समोर दिसते. म्हणजे नाटक पण झालं आणि काम पण झालं. पॉन्टिॲकच्या ट्रान्स ॲमचा शेकर स्कूपही 1970पासून असाच मागे तोंड करून असतो, तो तर इंजिनालाच बसवलेला, त्यामुळे गाडी उभी असताना रेस केली की बॉनेटच्या भोकातून तो एका बाजूला हिसका खातो. लहान पोरांना हे दाखवा, वेडी होतात. मोठी पण होतात.

आता ओरिजिनलवाल्यांबद्दल. माझा त्यांच्यावर राग नाही, पण त्यांची एक गोष्ट मला भयंकर विनोदी वाटते. या गाड्यांचा कारखान्यातला रंग भारी नव्हता. जनरल मोटर्स ॲक्रिलिक लॅकर मारायची, फोर्ड आणि क्रायस्लर इनॅमल, आणि इनॅमलला संत्र्याच्या सालीसारखा पोत यायचा, ऑरेंज पीलच म्हणतात त्याला. कुठे रंग ओघळलेला, पॅनलमधल्या फटी कमी-जास्त, चासीवर इन्स्पेक्टरने खडूने केलेल्या खुणा. आज शोमध्ये परीक्षक हे सगळं तपासतात. त्यामुळे रिस्टोरेशन करणारा माणूस आधी पत्रा आरशासारखा करतो आणि मग मुद्दाम त्यात ऑरेंज पील आणतो, बरोबर त्या कारखान्यात पडायचे तसे ओघळ, बरोबर त्या जागी पिवळ्या खडूची खूण. 1970च्या कामगाराच्या निष्काळजीपणाची इतक्या काळजीने केलेली नक्कल! क्रायस्लरचे ते भडक रंग मात्र जसेच्या तसे ठेवले तर मी हात जोडते, प्लम क्रेझी जांभळा, सबलाइम हिरवा, गो मँगो नारिंगी, पँथर पिंक. पँथर पिंकची गाडी उन्हात बघितली की वाटतं तेव्हा त्या ऑफिसात नक्की काय प्यायचे.

जी गाडी कुणी हातच लावला नाही म्हणून तशी राहिली तिची गोष्ट वेगळी. डेट्रॉइटचे एक पोलीस होते, गॉडफ्री क्वॉल्स, त्यांच्याकडे डॉजची 1970ची काळी चॅलेंजर होती, क्रायस्लरचं दांडगं हेमी इंजिन असलेली, छपराला मगरीच्या कातड्यासारखं व्हायनल, मागे पांढरा पट्टा. रात्री रेसला यायची, जिंकायची आणि गायब व्हायची, म्हणून नाव पडलं ब्लॅक घोस्ट. ते गेले तेव्हा गाडी मुलाकडे आली, रंगाला तडे, सगळं तसंच, आणि 2023मध्ये लिलावात सुमारे 10 लाख डॉलरला गेली. तिथे तडे खरे आहेत. ते कुणी ब्रशने काढलेले नाहीत.

याच्या उलट आणि मला जास्त प्रामाणिक वाटणारा पंथ म्हणजे 'डे टू' गाड्या. शोरूममधून आणली आणि दुसऱ्या दिवशी बदलायला घेतली, असं त्या काळी पोरांनी जे केलं ते तसंच करायचं. क्रेगरची क्रोम चाकं, हर्स्टचा गिअर शिफ्टर, हेडर्स म्हणजे मोकळे एग्झॉस्ट पाइप, मागे एअर शॉक टाकून गाडीचं ढुंगण वर. बहुतेक मसल कार खऱ्या आयुष्यात अशाच दिसायच्या, कुणीही 1969मध्ये खडूच्या खुणा जपत बसलं नव्हतं. नंतर 1971पासून इंजिनांचं कॉम्प्रेशन आणि त्याबरोबर ताकद उतरली, इन्शुरन्सवाल्यांनी हप्ते चढवले, 1973ला जाड बंपर आणि तेलाची बोंब, आणि खेळ आटोपला. मग या गाड्या हजार-दोन हजार डॉलरला मिळायला लागल्या आणि लोकांनी ऐंशीच्या दशकात प्रो स्ट्रीटच्या नावाखाली मागची चासी कापून रोड रोलरची चाकं घातली, बॉनेटमधून सुपरचार्जर बाहेर, वळताच येत नाही अशा गाड्या. तो काळ मी सोडून देते, तुम्हीही सोडा.

आता चालतं ते प्रो टूरिंग. जुनं अंग, आत जनरल मोटर्सचं नवीन एलएस इंजिन, नवीन सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, आणि 18 इंची, 19 इंची चाकं. वागण्याच्या दृष्टीने याला तोड नाही. 1970च्या शेव्हेलचे ड्रम ब्रेक लावून बघितलेत का कधी? आण्णांनी मला चालवायला दिलेली, मी सिग्नलच्या आधी बरंच अंतर ठेवून ब्रेक लावला आणि मनात गणपती स्तोत्र सुरू केलं. पण चाकांवरून आमचं वाजतं. मूळ चाकं 14 इंची, भोवती टायरचा गुबगुबीत काळा काठ, पांढरी अक्षरं. तो काठ हा आकाराचाच भाग आहे, पत्र्याची फुगवटी आणि टायरची फुगवटी एकमेकींना उत्तर देतात. 20 इंची रिम आणि पातळ टायर घातलं की अख्खी गाडी खेळण्यातली वाटायला लागते. यावर आण्णांचं म्हणणं असं की डिझायनर स्केचमध्ये काय काढतात ते तू रोज बघतेस. आता हे खरं आहे हो. डिझायनर मंडळी तेव्हाही आणि आताही स्केचमध्ये चाकं भलीमोठी काढतात आणि गाडी जमिनीला टेकवतात, मग इंजिनिअर आणि हिशोबवाले येऊन चाकं बारकी करतात. म्हणजे मोठी चाकं लावणारा बिचारा डिझायनरच्या मनातलीच गाडी करतोय. माझ्याकडे याला उत्तर नाही, तरी 17च्या पुढे जाऊ नये असं माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

बंपरच्या बाबतीत मात्र आमचं एकमत. कारखान्यात बंपर आणि पत्रा यांच्यात बोटं जातील एवढी फट असायची. विस्कॉन्सिनमधले रिंगब्रदर्स किंवा कॅलिफोर्नियातला चिप फूस यांची गाडी बघाल तर शंभर बारीक बदल असतात आणि एकही चटकन सांगता येत नाही. बंपर कापून अरुंद करतात, बोल्ट बाहेरून दिसणार नाहीत असे आत घेतात, आणि पत्र्याच्या वळणाला वळण मिळवून चिकटवून बसवतात. बघणाऱ्याला फक्त एवढंच वाटतं की ही गाडी आपल्या आठवणीपेक्षा देखणी कशी काय. आण्णांनी पुढचा बंपर सव्वा इंच आत घेतलाय. त्यासाठी ब्रॅकेट तीन वेळा केले आणि दुसऱ्या खेपेला दिलेल्या शिव्या मला आमच्या स्वयंपाकघरात ऐकू आल्या.

मी मूळची कोल्हापूरची. आमच्याकडे रिक्षा नटवतात, त्यांच्या सौंदर्यस्पर्धा होतात, स्टीलच्या पट्ट्या, आरसे, आतून गादीकाम, आणि मालक उभा राहून फडक्याने पुसत असतो, कुणी बोट लावलं तर बघतो कसा. वुडवर्डच्या कडेला खुर्ची टाकून बसलेल्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर डिट्टो तोच भाव असतो. फरक आहे तो कायद्याचा. भारतात कंपनीने दिलेल्या मूळ बनावटीत फेरफार करायचा नाही असं सुप्रीम कोर्टाने 2019मध्ये स्पष्टच सांगितलंय, तिकडे इंजिन बदलायचं तर आरटीओच्या पायऱ्या. मिशिगनमध्ये गाडीची वर्षाची तपासणीच नाही. जुन्या गाडीला हिस्टॉरिक प्लेट मिळते, एरवी ती शो, परेड, क्लब यांच्यासाठी, पण ऑगस्ट महिनाभर कुठेही फिरवा. ऑगस्टच का ते सांगायला नको.

सध्या आण्णांच्या गॅरेजात पट्ट्यांचा वाद पेटलाय. गाडी फॅदम ब्लू होणार, गडद निळी, यावर कुणाचं दुमत नाही. पण त्या बॉनेटला 1970मध्ये कारखान्यातून दोन जाड पट्टे यायचे, डिकीवर पण तसेच, आणि काकू म्हणतात पट्ट्यांशिवाय ती शेव्हेलच नाही. मुलगा टेक्सासहून व्हिडिओ कॉलवर काळे पट्टे म्हणतो, तेही मॅट, त्याचं कुणी ऐकत नाही. मी म्हणते अजिबात नकोत, इतके महिने घासून जो उंचवटा सरळ केला तो पट्ट्याखाली कशाला झाकायचा? आण्णांनी एका बाजूला पट्ट्याच्या मापाची निळी टेप लावून ठेवलीय आणि गॅरेजचं शटर उघडं टाकलंय, येणारा-जाणारा मत देऊन जातो, काल कुरिअरवाला पण देऊन गेला. रंगाच्या बूथची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळालीय, तेव्हा त्याच्या आत ठरवायला पाहिजे. कारखान्यातला पट्टा वरून मारलेला असायचा, नख फिरवलं की त्याची धार लागते. आण्णांना ती धार नकोय, म्हणजे पट्टे क्लिअर कोटच्या, रंगावरच्या पारदर्शक थराच्या, खाली जाणार, आणि एकदा क्लिअर मारला की मग कुणाला काही सुचून उपयोग नाही.